बेळगाव सीमाभागात शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी: कुठल्या ग्रंथालयात, कुठल्या मोसमात, काय वाचावं?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. नवं सत्र सुरू झालं की मला दोन प्रकारचे फोन येतात. बी.ए., एम.ए.ला आलेली मुलं विचारतात, "सर, संदर्भ कुठं मिळतील?" आणि मराठी शाळांतले शिक्षक विचारतात, "सुट्टीत मुलांना वाचायला काय देऊ?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथं सविस्तर लिहितो. ज्यांना भर घालता येईल त्यांनी जरूर घाला.

माझं मुख्य म्हणणं असं, की आपल्याकडे पुस्तकांची वानवा आहे त्याहून जास्त वेळापत्रकाची गफलत आहे. परीक्षा तोंडावर आली की सगळे ग्रंथालयात धावतात. तेव्हा बसायला जागा नसते, हवं ते पुस्तक कुणीतरी नेलेलं असतं आणि ग्रंथपालांना मान वर करायला उसंत नसते. तेच जून-जुलैत गेलात तर ते तुमच्याबरोबर कपाटापर्यंत येतात. शिवाय आपलं वर्ष पुण्या-मुंबईसारखं चालत नाही. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याची. दिवाळी अंकांचा गठ्ठा गावात पोचेपर्यंत आपल्या शाळा परत भरलेल्या असतात. तिकडच्या वाचनयाद्या म्हणूनच इथं जशाच्या तशा लागू होत नाहीत.

आधी जागा सांगतो. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं, बेळगावजवळ महामार्गालगत भूतरामनहट्टीला. आपल्यापैकी बहुतेकांचं हक्काचं विद्यापीठ ग्रंथालय तेच. त्याआधी आपण सगळे कर्नाटक विद्यापीठाखाली होतो, त्यामुळे जुनं साहित्य धारवाडला सापडतं. तिथलं बसवनाळ ग्रंथालय आणि १९३९ साली सुरू झालेली कन्नड संशोधन संस्था या दोन्ही ठिकाणी इतिहास, शिलालेख, लोकसाहित्य यांवर काम करणाऱ्यानं जायलाच हवं. तिसरं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, तिथलं बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं ग्रंथालय. आणि बेळगाव शहरात गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय, १८४८ सालचं. विद्यापीठ नसेल, पण मराठी कथा-कादंबरीसाठी विद्यार्थ्याला परवडणारी ती जागा आहे.

आता मोसम. पावसाळ्यात मी दोन गोष्टी सुचवतो. पहिली, दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६). बारा महिन्यांवरचे ललित लेख आहेत. सलग वाचू नका, त्या त्या महिन्यात तो तो लेख वाचा. कणकुंबी-जांबोटीकडच्या मुलांना तर मी सांगतो, लेखातली झाडं आपल्या रानात शोधा, नाव इथं काय आहे ते समासात लिहा. दुसरी, जी. ए. कुलकर्णी. त्यांचा जन्म १० जुलै १९२३ चा, चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा. नोकरी धारवाडात झाली. आपल्याच जिल्ह्यात जन्मलेला एवढा मोठा कथाकार आणि आपली मुलं त्याला फक्त नेमलेल्या एका कथेपुरती ओळखतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला होता. ती पहिल्याच झटक्यात पेलत नाही, म्हणून आठवड्याला एक कथा, तीही दोनदा वाचावी.

हिवाळा आणि उन्हाळा पुढच्या पोस्टमध्ये. तोवर तुम्ही बोला.

शहापूरची_वाचक

सर, खूप उपयोगाचं. मी एम.ए. मराठीला आहे. एक अडचण सांगते. मला कन्नडमधून मराठीत आलेल्या कादंबऱ्यांवर लघुप्रबंध करायचाय. मराठीच्या कपाटात शोधून शोधून थकले, चार-दोनच मिळाल्या. संगणकावर नोंद दिसते, पुस्तक जागेवर नाही. कुणी दडवून ठेवतं की काय असं वाटायला लागलंय.

जावक_आवक

ताई, दडवत कुणी नाही. मी महाविद्यालयीन ग्रंथालयात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सांगतो.

ड्युई दशांश पद्धतीनं, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन, लावलेल्या ग्रंथालयात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. पण अनुवादित साहित्य मूळ भाषेच्या क्रमांकाखाली जातं. भैरप्पांची कादंबरी मराठीत असली तरी ती कन्नड साहित्यात, म्हणजे ८९४.८१४ ला असणार. उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेल्या कादंबऱ्या तिथं बघा. उमाताई मूळच्या बेळगावच्याच. 'वंशवृक्ष'च्या अनुवादासाठी त्यांना १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालाय. कन्नड कपाटात हात घालायला आपली मुलं बिचकतात. पाठकण्यावरचं कन्नड नीट वाचता येत नाही म्हणून पुढं सरकतात आणि मधेच उभी असलेली मराठी पुस्तकं नजरेतून सुटतात.

स्थानिक इतिहासाचंही तेच. कर्नाटकाचा इतिहास ९५४.८७ आणि महाराष्ट्राचा ९५४.७९२. बेळगाव, खानापूर, निपाणी यांवरचं पुस्तक यातल्या कुठल्याही क्रमांकाला असू शकतं, नोंद करणाऱ्यानं काय ठरवलं त्यावर. दोन्हीकडे बघायचं. लोकसाहित्यासाठी ३९८.

संगणकावरच्या सूचीत शोधताना गावाचं नाव 'बेळगाव', 'बेळगांव', 'बेळगावी' असं तिन्ही प्रकारे टाका, आणि रोमन लिपीत जुनं-नवं दोन्ही स्पेलिंग. अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, त्याआधीच्या नोंदी जुन्याच स्पेलिंगनं आहेत.

शहापूरची_वाचक

अरे देवा, हे आम्हाला वर्गात कुणीच सांगितलं नाही. उद्याच जाते. मनापासून आभार काका.

कंग्राळीचा_मेकॅनिकल

इथं सगळं साहित्याचंच चाललंय की. आम्ही इंजिनिअरिंगवाले कुठं जायचं? प्रोजेक्टसाठी एक शोधनिबंध उघडायला गेलो तर तीन-चार हजार रुपये मागायलेत.

जावक_आवक

पैसे भरू नका. आधी हे बघा.

केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं, २०२५ ते २०२७ साठी ६ हजार कोटींची तरतूद. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांना ती खुली आहे, गांधीनगरचं 'इन्फ्लिबनेट' तिचं काम बघतं. तुमची संस्था तिच्यात येते का, हे ग्रंथपालांना विचारा. येत असेल तर कॅम्पसच्या नेटवर्कवर निबंध थेट उघडतो, घरून वाचायला वेगळं लॉगिन घ्यावं लागतं.

खाजगी किंवा अनुदानित कॉलेज असेल तर 'एन-लिस्ट' (कॉलेजांना नियतकालिकं-पुस्तकं ऑनलाइन देणारी योजना) आहे का विचारा. कॉलेज सभासद असलं तरी विद्यार्थ्याला लॉगिन आपोआप मिळत नाही. ग्रंथपालांकडे नाव आणि ईमेल द्यावा लागतो, मग खातं तयार होतं. कॉलेज पैसे भरतं आणि मुलांना पत्ताच नसतो, असं खूप ठिकाणी चाललंय. हे काम जुलैतच उरकून घ्या.

दोन्ही नसेल तर निबंधाच्या लेखकाला ईमेल करून प्रत मागा. साधी गोष्ट आहे, पण बहुतेक प्राध्यापक आनंदानं पाठवतात.

नंदगडचा_शेतकरी_पोरगा

सर, राग मानू नका, पण जून-जुलैत ग्रंथालय मोकळं असतं ते आमच्यासारखी पोरं नसतात म्हणून. आमच्याकडं त्या दिवसांत रोपलावणी. चिखलात उभं राहायचं का भूतरामनहट्टीला जायचं? खानापूर तालुक्यात पाऊस लागला की बसचा भरवसा नाही, गावात लाईट नाही. लावणी आटोपते तोवर अंतर्गत परीक्षा येते. आमच्यासाठी काय सांगता?

मलप्रभाकाठ

राग कसला, तुझ्यासारख्यांसाठीच तर हे लिहायला घेतलं.

तुझ्या बाबतीत फोन हेच ग्रंथालय, पण त्याची तयारी आधी करायला हवी. प्रवेशाच्या कामासाठी कॉलेजला येशील त्या दिवशी कॅम्पसच्या वायफायवर सगळं उतरवून घे. 'शोधगंगा'वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध फुकट आहेत. आपलं विद्यापीठ, धारवाड, कोल्हापूर, तिन्ही. अख्खा प्रबंध उतरवत बसू नकोस. प्रकरणं वेगवेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली असतात. आधी शेवटची संदर्भसूचीची फाइल घे. पाच-दहा पानांत कळतं की या विषयावर कोणती पुस्तकं वाचायची. मग प्रस्तावनेचं प्रकरण, आणि मगच हवं असेल ते मधलं. मराठी प्रबंधांचं शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत नोंदवलेलं असतं. शब्द टाकून सापडलं नाही तर विद्यापीठ आणि विभाग निवडून यादी खाली सरकवत बघ.

मराठी विश्वकोशाचे खंड सरकारनं खुले केलेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. त्यात लोकसाहित्य, कृषी, इतिहास, संतवाङ्मय बरंच आहे. आणि 'नॅशनल डिजिटल लायब्ररी', आयआयटी खरगपूरनं उभी केलेली. नोंदणी कुणालाही करता येते, विद्यार्थी असण्याची अट नाही. इयत्तेप्रमाणे चाळणी लावता येते.

लावणी झाल्यावर भात पोटरीला येईपर्यंत तुझ्याकडे थोडे मोकळे दिवस असतात ना? त्या दिवसांत वाच. श्रावण-भाद्रपद हा तुझा वाचनाचा मोसम समज. प्राध्यापक मंडळींनाही माझी विनंती आहे, खानापूर-चंदगड पट्ट्यातल्या मुलांना जुलैच्या मध्याला टिपणं मागू नका, ऑगस्टअखेर मागा.

नंदगडचा_शेतकरी_पोरगा

हे जमण्यासारखं आहे. आभारी आहे सर.

निपाणीची_बाई

मी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकवते, म्हणून शाळेपुरतं लिहिते.

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही मुलांना घरचा अभ्यास म्हणून धडे उतरवायला लावतो. मुलं रडत करतात, आम्ही न वाचता सह्या करतो. त्याऐवजी गेली काही वर्षं मी 'किशोर' देते. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मी दोन-तीन कथा छापून घेते आणि शेजारशेजारच्या मुलांना वेगवेगळी कथा देते. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपली कथा शेजारच्याला सांगायची. लिहायचं काहीच नाही. जी मुलं वहीत चार ओळी लिहीत नाहीत ती दहा मिनिटं बोलतात.

लहान इयत्तांसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीविव्हर' बघा. तीच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये मिळते, छापायची परवानगी आहे. आमच्याकडे मुलांचं कन्नड कच्चं राहतं ही पालकांची खरी चिंता आहे, नोकरीच्या वेळी ती नडते. मी गोष्ट आधी मराठीत वाचून घेते, चित्रं पाठ झाली की तीच कन्नडमधून. भाषेची भीती जाते. यानं मराठी मागं पडत नाही, उलट मुलं दोन्हीकडची वाक्यं जोखायला लागतात.

आणि निपाणीकरांनी कोल्हापूरला जायला लाजू नका. आम्हाला ते बेळगावपेक्षा जवळ पडतं.

चंदगडी

बाई, पाठकोऱ्या कागदावर छापता का? आमच्या शाळेत कागदाचीच मारामार आहे.

निपाणीची_बाई

हो, कार्यालयातले एका बाजूनं वापरलेले कागद मागून घेते. मुलांना चालतं.

मलप्रभाकाठ

बाईंनी जे लिहिलं ते शिक्षकांनी जपून ठेवावं. आता हिवाळा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्या भागाचा ऐश्वर्याचा काळ. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, गावोगाव साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंड्या निघतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. अखिल भारतीय संमेलनंही बेळगावात झाली: १९२९ला शि. म. परांजपे अध्यक्ष, १९४६ला माडखोलकर, २००० साली य. दि. फडके. माझी सूचना अशी, की संमेलनाला जाण्याआधी या तिघांपैकी एकाचं अध्यक्षीय भाषण ग्रंथालयात मिळवून वाचा. १९४६ चं विशेष करून, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला त्या संमेलनातून जोर आला. आपण त्याचे परिणाम जगतोय आणि मूळ मजकूर आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलाय.

डिसेंबरात इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी १९२४ चं बेळगाव काँग्रेस घ्यावं. गांधीजी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते टिळकवाडीत झालं. 'गांधी हेरिटेज पोर्टल'वर समग्र गांधी वाङ्मय फुकट आहे, २५ व्या खंडात त्या दिवसांतला मजकूर मिळतो. मग टिळकवाडीतल्या वीरसौधपर्यंत, म्हणजे त्या अधिवेशनाच्या स्मारकापर्यंत, चालत जा आणि भाषणातली जागा प्रत्यक्ष बघा.

जानेवारीत बेंद्रे. ३१ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस. घरात मराठी बोलणारा हा माणूस कन्नडचा महाकवी झाला, 'नाकुतंती'साठी ज्ञानपीठ मिळालं, आणि मराठीतही त्यांनी लिहिलं. त्याच सुमारास रा. चिं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' आणि शं. बा. जोशींचं 'मऱ्हाटी संस्कृती: काही समस्या' हाताशी घ्या. शं. बा. कन्नडचे थोर अभ्यासक, पण हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. त्यांची सगळी मतं पटतीलच असं नाही. मला स्वतःला काही ठिकाणी पुरावा तोकडा वाटतो. पण सीमाभागातल्या विद्यार्थ्यानं ही दोन पुस्तकं न वाचता पदवी घ्यावी हे मला मान्य नाही.

इंदिरा संत बेळगावच्या, त्यांच्या 'गर्भरेशीम'ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. त्यांना महिना नेमून देत नाही. कधीही वाचा.

इतिहासवेडा_हलशी

माझी भर उन्हाळ्यासाठी. बी.ए. इतिहासाच्या मुलांना एप्रिल-मेमध्ये मी एकच काम सुचवतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा २१ वा खंड बेळगाव जिल्ह्याचा, १८८४ सालचा. इंटरनेट अर्काइव्हवर अख्खा मिळतो. तो उघडून आपल्या तालुक्याचा भाग काढायचा. त्यात बैलहोंगल आणि सौंदत्ती तालुके म्हणून सापडणार नाहीत, तिथं संपगाव आणि परसगड असं आहे. पिकं, बाजाराचे वार, तळी, देवळं, शाळा, सगळं नोंदलंय. मग यात्रेला गावी जाल तेव्हा ती पानं म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवायची: हे तळं कुठं होतं? हा बाजार अजून त्याच वारी भरतो का? उत्तरं फोनवर ध्वनिमुद्रित करायची, बोलणाऱ्याची परवानगी घेऊन.

लिहिणारे इंग्रज अधिकारी होते. जातींबद्दलची त्यांची वाक्यं तशीच्या तशी उतरवू नका. करांचे आकडे आणि बाजाराचे वार वापरा, माणसांबद्दलची मतं तपासून घ्या.

आमच्या हलशीला कदंबांची राजधानी होती, भूवराह नरसिंहाचं देऊळ आजही उभं आहे. ताम्रपटांवरचे जुने लेख 'इंडियन अँटिक्वेरी'त आहेत, त्याचेही खंड अर्काइव्हवर सापडतात.

शहापूरची_वाचक

उन्हाळ्यासाठी माझंही एक. 'बनगरवाडी'. डी.एड., बी.एड. करणाऱ्यांनी नोकरीला लागण्याआधी वाचावी. तरुण मास्तर धनगरांच्या गावात शाळा भरवायला जातो, आणि दुष्काळ पडल्यावर ती वाडी ओस पडते. मे महिन्यात, विहिरी आटलेल्या असताना वाचली की अंगावर येते. अथणीकडच्या मैत्रिणीला दिली होती, ती म्हणाली हे तर आमच्याच भागातलं वाटतंय.

पालक_वडगाव

माझ्या मुलाला दिसत नाही. बी.ए.ला आहे. वरच्यापैकी त्याला काय वाचता येईल?

जावक_आवक

दादा, 'सुगम्य पुस्तकालय' म्हणून ऑनलाइन ग्रंथालय आहे, २०१६ पासून. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच आहे, मराठी आणि कन्नड पुस्तकंही आहेत. सभासद होताना अपंगत्वाचा दाखला लागतो. विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर युनिकोड मजकुरात आहेत, त्यामुळे फोनमधला स्क्रीन रीडर त्या मोठ्यानं वाचून दाखवतो. स्कॅन केलेल्या पीडीएफ मात्र त्याला वाचता येत नाहीत. कॉलेजकडे लेखी मागणी करा की नेमलेली पाठ्यपुस्तकं वाचता येतील अशा स्वरूपात द्यावीत. कायद्यानं तो त्याचा हक्क आहे. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर मला निरोप धाडा.

पालक_वडगाव

धाडतो. फार बरं झालं.

येळ्ळूरचा_सभासद

विद्यापीठापलीकडचं एक बोलतो. कर्नाटकात मालमत्ता करासोबत आपण ६ टक्के ग्रंथालय उपकर भरतो. ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयांना आता 'अरिवु केंद्र' म्हणतात. तिथं मराठी पुस्तकं नाहीत म्हणून आपण नुसतं बोलत राहतो. नुसतं बोलून काही होत नाही. पुस्तकांची नावं, लेखक, प्रकाशक, किंमत असा तक्ता करून, वाचकांच्या सह्या घेऊन पंचायतीला अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. अर्ज कन्नड आणि मराठी दोन्हीत द्या, काम लवकर पुढं सरकतं.

शहापूरची_वाचक

सर, शेवटचा प्रश्न. कोल्हापूरला आणि धारवाडला आम्ही तिथले विद्यार्थी नाही. आत सोडतात का?

मलप्रभाकाठ

बहुतेक विद्यापीठ ग्रंथालयं बाहेरच्या वाचकाला तिथंच बसून वाचायची परवानगी देतात, पुस्तक घरी देत नाहीत. काही ठिकाणी दिवसाचं थोडं शुल्क असतं. आधी फोन करून वेळ आणि सुट्ट्या विचार, कारण कोल्हापूरच्या आणि आपल्या सुट्ट्या जुळत नाहीत. ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि विभागप्रमुखांचं पत्र ने. पत्रात विषय, कोणत्या तारखांना येणार आणि काय बघायचंय हे स्पष्ट लिहून घे. जुनी नियतकालिकं बघायची असतील तर तसंच लिही, ती वेगळ्या विभागात असतात आणि काढून ठेवायला वेळ लागतो.

जावक_आवक

आणि पत्रावर जावक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का बघून घ्या. त्यातलं एक जरी राहिलं तरी दारावरूनच परत पाठवतात.